सव्वा तासाचं लंडन

एका गावात एक भोळा लहानू होता. सांगाल तेवढं करायचा, पण कुठंही करायचा.

त्याची मुलगी वैजू लंडनला असे. तिला बाळ झालं. रविवारी दुपारी बाराला बारसं. त्याच्या बायकोनं, ठकूबाईनं, नातीसाठी कुंची शिवली. तिचा गुडघा धरलेला, म्हणून कुंची घेऊन लहानू एकटाच निघाला. आजीची कुंची घातल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं ठरलं होतं.

वाटेत पॅरिसला विमान बदलायचं होतं. वैजू फोनवर म्हणाली, "आप्पा, तिथं उतरलात की घड्याळ साडेतीन तास मागं घ्या. दहाला दुसरं विमान आहे."

"बरं."

लहानू विमानातून उतरला. घड्याळ साडेतीन तास मागं घेतलं. पुढं बसमधून उतरला. पुन्हा मागं घेतलं. सरकत्या जिन्यावरून उतरला. पुन्हा घेतलं. घड्याळात रात्रीचे बारा वाजले. बाहेर लख्ख ऊन होतं. परमुलूख, इथं मध्यरात्रीही ऊन पडत असेल, असं म्हणून त्यानं निवांत भाकरीची पुरचुंडी सोडली, खाल्ली आणि तीन तास ताणून दिली.

फोन वाजला.

"आप्पा, बसलात का विमानात?"

"अजून पावणेसात तास आहेत, बाय."

"अहो, विमान गेलं. तिथं सव्वादहा झाले."

वैजूनं कपाळाला हात लावला आणि अकराच्या विमानाचं तिकीट काढलं. "आता नीट ऐका. कुणाकडून तरी घड्याळ बरोबर लावून घ्या. शेजारी लंडनला जाणारा कुणी माणूस गाठा. तो उठला की तुम्ही उठा. लंडन साडेतीनशे किलोमीटर, सव्वा तास लागेल. इथं आलात की घड्याळ एक तास मागं घ्या. पण विमानातून उतरल्यावरच. त्याआधी काट्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

शेजारचा माणूस उठला. लहानूही उठला. माणूस संडासात गेला. लहानू दाराशी उभा राहिला. तो बाहेर आला, तसा हाही मागोमाग आला. पुढं तो विमानात चढला, लहानूही चढला. वैजू पोर हुशार खरी, असं त्याला वाटलं.

विमान लंडनला टेकलं. लहानूनं घड्याळ पाहिलं. सव्वाबारा.

बारसं चुकलं. ठकूला काय सांगायचं? लोकांसमोर रडू नये म्हणून तो विमानाच्या संडासात शिरला आणि कडी लावून, कुंचीत तोंड खुपसून पोटभर रडला. बाहेर आला तेव्हा खाली समुद्र होता आणि सगळी माणसं नवी होती.

दुपारी फोन वाजला.

"आप्पा, मी विमानतळावर उभी आहे. पाळणा सजलाय, बायका खोळंबल्यात. तुम्ही कुठं?"

"पॅरिसला."

"लंडनला आलाच नाहीत?"

"आलो होतो. पण सव्वाबारा झाले होते. कुठल्या तोंडानं येऊ? तसाच परत आलो."

"अहो आप्पा, तेव्हा इथं सव्वाअकराच वाजले होते."

"ते उतरल्यावर," लहानू शांतपणे म्हणाला. "मी उतरलोच नव्हतो."