वाऱ्याला घातलेली भिंत

फार फार पूर्वी, माणसांचं जग अजून पुरतं हिंडून झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात एक बेट होतं. तिथे झाड नव्हतं, माशी नव्हती, फुलपाखरू नव्हतं. वारा तेवढा होता, आणि तो कधी निजत नसे.

त्या बेटावर एक माळीण उतरली. तिचा धाकटा भाऊ गलबताचा तांडेल. लांबच्या सफरीत हिरवं पान मिळेना, म्हणून त्याच्या खलाशांच्या हिरड्या सडत, धडधाकट माणसं मरत. भाऊ म्हणाला, "अक्का, पाच वर्षांनी याच वाटेने येईन. शंभर ताटांची भाजी करून ठेव."

"तू जिवंत ये. भाजीचं मी बघते."

घरून आणलेली मेथी, माठ, मुळा वाऱ्याने महिन्यात उपटून नेले. उरली बेटाचीच रानकोबी, जाड पानांची, तिखट चवीची. पण गड्डे सगळे मिळून बारा! शंभर माणसांच्या एका जेवणात संपले असते. बी धरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

माळणीचा हात गुणाचा, पण कुणाला विचारणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने दगड वाहिले, दहा गड्ड्यांभोवती भिंत घातली, वर गोणपाट ताणलं. कड्यावरच्या दोघांपर्यंत दगड नेववेनात, ते राहिले.

दहा गड्डे तुकतुकीत झाले. तुरे आले, पण शेंगेत दाणा नाही. कड्यावरचे दोघे फाटक्या पानांचे, आणि बियांनी वाकलेले; ते बी मात्र हाती लागण्याआधीच खाली समुद्रात पडे.

बाईने काय केलं असेल? भिंत आणखी उंच केली. दुसऱ्या वर्षीही शेंगा पोकळच.

तेव्हा कुठे ती गड्ड्यासमोर बसली. "काय कमी केलं रे तुम्हाला?"

"विचारलंस एकदाचं," रानकोबी म्हणाली. "इथे माशी नाही, मग नटायचं कुणासाठी? आम्ही पाकळ्या कधीच टाकून दिल्या. आमची लग्नं वारा लावतो, बाई. तू भटजीलाच दाराबाहेर ठेवलंस."

माळीण आधी रागावली, मग पोट धरून हसली. त्याच दिवशी भिंत पाडली. वारा आत शिरला, तुऱ्यातुऱ्यांतून फिरला, आणि त्या वर्षी ओंजळी भरभरून बी निघालं.

पाचव्या वर्षी गलबत आलं. खलाशी एकमेकांना धरून उतरले, तांडेलाचे दोन दात पडलेले. समोर डोंगरउतारभर हिरवी रानकोबी डुलत होती. पंधरा दिवस चुली पेटत्या राहिल्या. हिरड्यांचं रक्त थांबलं, माणसं गाऊ लागली. शंभरातला एकही दगावला नाही.

"अक्का, हे दगड कसले गं पडलेत?" भावाने विचारलं.

"माझ्या शहाणपणाचे. बस त्यांच्यावर आणि जेव."

म्हणून लहानथोरांनो, कुणावर माया करायची तर आधी त्याला विचारावं; आपल्याला बोचणारा वारा त्याचा पोशिंदा असतो.