धाकू तांडेलाची रिकामी फेरी

“जो बसमध्ये बसतच नाही, त्याने तिच्यासाठी कर का भरावा?”

निनादने विचारलं. खाडीकाठी धाकू तांडेल आपल्या नावेच्या फटीत कापूस कोंबत होता. त्याने मान वर केली नाही.

परदेशात वाहतुकीचं अर्थशास्त्र शिकून निनाद मायदेशी परतला होता. तीन नगरपालिकांच्या बसगाड्या एकाच प्राधिकरणाखाली आणायच्या होत्या. कर कोणावर बसवायचा, याची शिफारस त्याला उद्या द्यायची होती. त्यातली श्रीमंत नगरपालिका अडून बसली होती. आमच्याकडे घरोघरी गाड्या आहेत, आम्ही छदामही देणार नाही! आणि तिचा वाटा नसेल, तर खाडीपलीकडच्या वाड्यांना बस मिळणार नव्हती.

खाडी ओलांडणाऱ्या धाकूच्या नावेला साठ वर्षांत तिकीट नाही, असं कळलं म्हणून निनाद इथे आला होता.

“मग हे चालतं कसं, बाबा?”

“सुगीला घरामागे पायलीभर भात.”

“सगळी घरं देतात?”

“भांडतात. पण देतात.”

“नावेत पाय न ठेवणारीसुद्धा?”

“ती जास्त भांडतात.”

निनाद हसला. म्हातारा उठला. काठावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्याने नाव लोटली.

“कोणीच नाही, बाबा!”

“वेळ झाली. बस.”

सत्तरी उलटलेले ते हात वल्हं असं मारत होते की पाण्याला चाहूल लागू नये. निनाद बघतच राहिला. एवढी निष्ठा त्याने कुठल्याच विद्यापीठात पाहिली नव्हती.

पलीकडचा धक्काही ओसाड होता.

“फेरी फुकट गेली,” तो हळहळला.

धाकूने नाव धक्क्याला लावली. निनाद उतरला.

तेवढ्यात वरच्या झोपडीतून भागीआजी पायलीभर भात घेऊन काठी टेकत आली. तिने ते धाकूच्या पोत्यात ओतलं.

“आजी, शेवटच्या कधी गेलात पलीकडे?”

“मी? गुडघ्यांनी दगा दिला, त्याला दहा वर्षं झाली. पण तू रे कोणाचा? उन्हात उभा काय राहतोस, वर ये!”

ती वळलीसुद्धा. थोड्या वेळाने झोपडीतून धूर निघाला.

“पाहिलंत, बाबा? दहा वर्षं ही नावेत बसली नाही. मग हिच्या भाताचं हिला मिळतं काय? मी उद्या लिहू तरी काय?”

धाकूने वल्हं आडवं ठेवलं. त्याने त्या धुराकडे बोट केलं.

“आधी वर जा. तिनं चहा कोणासाठी टाकलाय, आणि तो माणूस इथवर आला कशानं, ते विचारून ये.”