भुऱ्याचं घर आणि चाफ्यातली परी

शेटजींच्या बागेत सगळ्यांना सावली होती. गुलाबांना होती, मोराला होती, कारंज्यातल्या सोनेरी माशांनाही होती. नव्हती ती एकट्या भुऱ्या कुत्र्याला. आणि फाटकाशी उन्हात बसून बागेची राखण करायचा तो भुऱ्याच!

सगुणा आपल्या आईबरोबर ही बाग झाडायची. बाप नव्हता. खोपटाच्या छपरातून ऊन आत यायचं, पाऊसही आत यायचा. घर कसं नसावं, हे त्या चिमुकल्या पोरीला पक्कं ठाऊक होतं.

त्या वैशाखात शेटजींनी भुऱ्यासाठी घर केलं. चकचकीत पत्र्याचं, लाल-निळं, वर पितळी कळस. दार पश्चिमेला, रस्त्याकडे. का? तर येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं! दुपारी त्याचा तवा झाला. भुऱ्या आत पाय ठेवीना.

“माजलाय!” शेटजी गरजले. “दिवस मावळायच्या आत हा घरात शिरला नाही, तर रानात सोडा त्याला.”

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. “शेटजी, दार रस्त्याकडे कशाला? भुऱ्या काय दुकान मांडून बसणार आहे?”

“ए चिमुरडे, झाडू मार. शहाणपण शिकवू नकोस!”

ती भुऱ्याला घेऊन चाफ्यामागे गेली आणि रडली. रागानं रडली. एक टपोरा थेंब चाफ्याच्या फुलावर पडला. पाकळ्या लकाकल्या, आणि आतून इवलीशी परी बाहेर आली. पंख केशरी, पायात दवबिंदूंचे पैंजण.

“बाळ, तीन इच्छा माग,” ती म्हणाली. “पण स्वतःसाठी मागायचं नाही. सांगशील तेवढंच होईल. आणि जो घर करवील, त्यानं आधी स्वतः त्यात बसायचं.”

सगुणा रागातच होती. “शेटजींच्या घरापेक्षा झगमगीत घर दे भुऱ्याला! चांदीचं!”

भर उन्हात लखलखतं घर उभं राहिलं. नियमाप्रमाणे सगुणा आत बसली, आणि चटका बसून लगेच बाहेर आली.

“मी पण तेच केलं,” ती पुटपुटली. शेटजींवरचा अर्धा राग आता स्वतःवर आला.

मग तिनं भुऱ्याला बसवलं, निजवलं, गोल फिरवलं आणि हातानं मापं घेतली. “लाकडाचं दे,” ती सावकाश म्हणाली. “चार दगडांवर, म्हणजे खालून ओल येणार नाही. छप्पर उतरतं. दार पूर्वेला, म्हणजे पावसाची झड आत येणार नाही. भुऱ्याला वळता येईल एवढंच. आणि आंब्याच्या सावलीत.”

चांदीचं घर विरलं. आंब्याखाली साधं, सुगंधी घरकुल उभं राहिलं. सगुणा गुडघे पोटाशी घेऊन आत बसली. गार वाटलं. ती बाहेर येते न येते तोच भुऱ्या आत शिरला आणि मुटकुळं करून झोपला.

तेवढ्यात शेटजी आले. “हे काय खोकं ठेवलंय माझ्या बागेत? मोडा ते! माझं घर काय वाईट आहे?”

सगुणा परीकडे वळली. “तिसरी इच्छा. तुझा तो बसायचा नियम शेटजींनाही लागू कर.”

“शिक्षा मागतेस?”

“शिक्षा कसली? घर चांगलं आहे, असं तेच म्हणतात ना!”

परी खुदकन हसली. पुढच्या क्षणी शेटजी पगडीसकट पत्र्याच्या घरात होते.

“अगं आई गं! भाजलो! काढा रे मला!”

लालबुंद होऊन ते रांगत बाहेर आले. मग स्वतः कारंज्यावर गेले, भांडं भरलं आणि भुऱ्यापुढे ठेवलं.

“पोरी, चुकलं माझं,” ते म्हणाले. “हा इथेच राहील.”

“स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस,” परी सगुणाच्या कानाशी म्हणाली. “म्हणून न मागता देते.” चाफ्यावर सोनेरी उजेड फुलला, आणि त्या उजेडात परी मिसळून गेली.

सगुणा आईचा हात धरून पळत घरी आली. खोपटाच्या जागी दगडी जोत्यावर छोटंसं घर होतं. उतरतं छप्पर, पूर्वेला दार. आई आनंदानं म्हणाली, “जा, आधी तू जा.”

“नाही, आई. आधी तू बसून बघ.”

आई आत जाऊन बसली. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा होता.

“कसं आहे?” सगुणानं दारातून विचारलं.

आईनं डोळ्यांना पदर लावला. “घर आहे गं,” ती म्हणाली.