हिरव्या डायलचं घड्याळ

“…मग आईशी खोटं बोलू का, भंते?”

टेकडीवरच्या त्या लहानशा विहाराच्या ओसरीत भंते उपसम आपल्या भगव्या चीवराच्या फाटक्या काठाला टाका घालत होते. दुपार होती, पण मळभामुळे संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. खाली वैनगंगा राखेच्या रंगाची दिसत होती.

समोर चटईवर सुजात मेश्रामने एक मनगटी घड्याळ ठेवलं होतं. त्याला काटे होते, आकडे नव्हते. काट्यांखाली नुसतं उघडं पितळ.

“खोटं बोलू नये, हे तुमच्याकडूनच शिकलो,” सुजात म्हणाला. “आता खोटं बोललो नाही तर आई जाते. बोललो तर मी जातो.”

“तू कुठे जातोस?”

“म्हणजे… आजवरचं माझं सगळं म्हणणंच जातं.”

“ते जाऊ दे,” भंते म्हणाले. “घड्याळाचं सांग.”

सुजात कॉलेजात असल्यापासून या विहारात यायचा. ध्यानापेक्षा वाद जास्त घालायचा. एकदा त्याने भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाकडे बोट दाखवून, याला मी घड्याळ म्हणत नाही, असं जाहीर केलं होतं. तेही स्वतःला म्हणत नाही, एवढंच भंते तेव्हा बोलले होते.

त्याला वेड होतं चावीच्या घड्याळांचं. महागड्या, काचेआडच्या घड्याळांचं नव्हे. ज्यांना कोणी विचारत नाही अशी. जुनी रशियन, जपानी, बंद पडलेल्या सरकारी कारखान्यातली, नावं विसरली गेलेली स्विस. आठवडी बाजारात कुलपांच्या आणि पान्यांच्या ढिगात मिळणारी. खरं घड्याळ घालायला श्रीमंती लागत नाही, नजर लागते, असं तो सगळ्यांना सांगायचा. ते त्याला मनापासून वाटायचं. फोनवर त्याने अशा वेड्यांचा एक गट जमवला होता. लोक फोटो पाठवत आणि सुजात निवाडा देई. अस्सल, किंवा रंगवलेलं.

रंगवलेल्याची त्याला चीड होती. जुनी डायल खरवडून, तिच्यावर नवा भडक रंग देऊन विकतात, ते त्याच्या लेखी पाप होतं. एका निवृत्त गुरुजींनी लग्नातल्या घड्याळाचा फोटो मोठ्या हौसेने टाकला. सुजातने खाली लिहिलं, रंगवलेलं आहे, अर्थ नाही. गुरुजी गटातून निघून गेले.

मग एक दिवस कोणीतरी टोमणा मारला. सर, दुसऱ्यांची सोलता, घरचं कधी दाखवता?

घरचं म्हणजे बाबांचं. बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांनी कधीतरी बाजारात घेतलेलं, हिरव्या डायलचं. अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या. रंगवलेलं आहे, हे लहान पोरानेही ओळखलं असतं. सुजातने ते वर्षानुवर्षं ओळखूनही स्वतःला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी त्याने घड्याळ उघडलं. हिरव्या रंगाखाली मूळची डायल असेल, फिकट, बारीक अक्षरांची, असं धरून त्याने कापसाला थिनर लावलं. हिरवा रंग कापसावर आला. खाली पितळ निघालं.

“रंगवणारे आधी जुनं सगळं खरवडून टाकतात,” सुजात म्हणाला. “मीच लोकांना समजावून सांगतो हे.”

“माहीत होतं, तर काहून केलं बाबू?”

“वाटलं… बाबांच्या घड्याळाखाली तरी काही असेल.”

भंतेंनी सुई चीवरात टोचून ठेवली.

पुढचं सुजात भराभर बोलला, लवकर संपावं म्हणून. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आईचं विसरणं त्यानंतर सुरू झालं. आता ती सुजातला ओळखत नाही. घरी आलेला कोणी पाहुणा समजते. बसा म्हणते, घरी कोण कोण आहे विचारते, तुमच्या आईला तुमची काळजी असेल, आता निघा, असंही म्हणते. पण रोज सकाळी ती बाबांचं घड्याळ मागायची. ते थोडा वेळ जवळ धरलं की शांत व्हायची. ड्युटीवरून येतीलच आता, म्हणायची आणि जेवायची.

त्या रविवारनंतर सुजातने घड्याळ दिलं, तर तिने ते परत केलं. हे त्यायचं नोहे, म्हणाली.

तेव्हापासून ती दाराशी बसते. दोन घास खाते, नाही तर तेही नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगते, घरात एक माणूस येतो, त्याने त्यायचं घड्याळ नेलं.

“काल माझा हात धरला तिने,” सुजात म्हणाला. “मला वाटलं… तर म्हणाली, तुम्ही चांगल्या घरचे दिसता, देऊन टाका.”



नागपुरात एक डायल रंगवणारा सापडला आहे, सुजातने सांगितलं. जुन्या फोटोवरून तोच हिरवा रंग देतो, तशाच वाकड्या रेघाही काढून देतो म्हणतो. उद्या जायचं ठरवलंय. पण ज्या गोष्टीला इतकी वर्षं खोटं म्हटलं, तीच आता आपल्या हाताने करून आईच्या हातात द्यायची… म्हणून आधी इथे आलो.

“तुम्ही हो म्हणा नाही तर नाही म्हणा, भंते. काहीतरी एक म्हणा.”

“आईला हिरवा रंग दिसतो?”

सुजात थांबला. “मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. थोडं दिसत असेल…”

“तिने घड्याळ परत केलं, ते कसं?”

“कसं म्हणजे? हातात घेतलं आणि परत दिलं.”

“दाखव.”

सुजातला राग आला. इतक्या लांबून प्रश्न घेऊन यावं आणि या माणसाने नाटक करून दाखवायला सांगावं. त्याने चटईवरचं घड्याळ जरा जोरातच उचललं. ओंजळीत घेतलं, आई घ्यायची तसं. मग वर नेलं…

त्याचा हात कानापाशी थांबला.

घड्याळ चालू होतं. एकसारखं, स्वच्छ, टिक टिक टिक टिक.



“डायल पुसलीस,” भंते म्हणाले. “आणखी काय केलंस?”

“साफ केलं. तेल दिलं.” सुजातचा हात अजून कानापाशीच होता. “लंगडत होतं ते. एक ठोका लवकर पडायचा, पुढचा रेंगाळायचा. चक्राची स्प्रिंग सरकली होती, पडलं असेल कधी बाबांच्या हातून. फोनवर ठोके मोजले तर आकडा फारच वाईट आला. म्हटलं, उघडलंच आहे तर…”

“तर?”

“तर सरळ केलं.”

“आता कसं चालतं?”

“उत्तम,” सुजात म्हणाला, आणि त्या शब्दानंतर त्याला भंतेंकडे बघवेना. त्या रविवारी सगळं बिघडलं होतं, पण या एका कामावर तो खूश होता. गटात त्याने ते लिहिलंही होतं. अभिनंदनही झालं होतं.

मग तो एकदम उठला. यात काही अवघड नाही, असं बोलू लागला. स्प्रिंग जराशी फिरवली की घड्याळ पुन्हा लंगडेल. नागपूरला जायची गरजच नाही. आजच घरी जाऊन करतो.

“किती लंगडेल?”

“आकडा लक्षात आहे माझ्या.”

“आकडा नको. वाजवून दाखव.” भंतेंनी शेजारच्या लाकडी पाटाकडे बोट केलं.

सुजात घड्याळ चटईवर ठेवून खाली बसला. नखाने पाटावर ठोके दिले. ते सरळ पडले. पुन्हा दिले. आता मुद्दाम लंगडल्यासारखे वाटले, नाटकातल्या लंगड्यासारखे. त्याने हात मागे घेतला.

“मी ऐकलंच नव्हतं, भंते. मोजलं होतं.”

भंतेंनी चीवरातली सुई पुन्हा हातात घेतली.

सुजात पुन्हा वाजवू लागला. चुकला, थांबला, पुन्हा वाजवू लागला. नदीवरून थंड वारा आला. खालच्या गावात कोणीतरी शेळ्यांना हाका मारत होतं. नखाचा आवाज पाटावर येत राहिला आणि मग एकदा, त्याचं लक्ष नसताना, तो बदलला. एक ठोका, लगेच दुसरा, मग जरा दम घेतल्यासारखं. पुन्हा एक, लगेच दुसरा…

रात्रपाळी करून आलेले बाबा दुपारी घड्याळ न काढताच झोपायचे. त्यांच्या हातावर डोकं ठेवून सुजात पडायचा. झोप यायची नाही. उठायची परवानगी नसायची. मग नुसतं ऐकत राहायचं.

त्याने मान वर केली नाही. बोट चालूच ठेवलं.

“हेच असावं,” तो शेवटी म्हणाला. “खात्री नाही.”

“तंतोतंत नसणार.”

“मग तेही रंगवलेलंच झालं.” सुजात म्हणाला. “आई ते कानाला लावेल. आईचा कान आहे तो, भंते, माझा फोन नाही. हे त्यायचं नोहे, असं पुन्हा म्हणाली तर? आणि कोणीतरी हे मुद्दाम बनवलंय हे तिला कळलं तर? माझ्याकडे बघून म्हणाली, सुजात, हे तू केलंस… तर मी काय सांगू?”

भंतेंनी ते उघड्या पितळाचं घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

“मग आपल्याला मुलगा आहे, हे तिला आठवलं असेल.”