आवडायचं खळं

सरका जरा, मलाही टेकू द्या. ही गोष्ट बसूनच सांगावी, कारण जिची गोष्ट आहे ती जन्मभर उभी होती.

फार वर्षांपूर्वी, माझ्या आज्याच्या आज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आमच्या आंबेखोलात आवडाय नावाची बाई होती. तिचं काम खळी, म्हणजे मातीची अंगणं, चोपायचं. पाऊस सरला की घरापुढची माती उकरायची, पाणी शिंपायचं आणि लाकडाच्या चपट्या चोपण्यानं ती बसवत जायची, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. तिनं चोपलेल्या खळ्यात चंद्राला आपलं तोंड दिसायचं, असं म्हणतात. चंद्राला सवड असते. आवडायला नव्हती.

सगळ्यात मोठं खळं देवळापुढचं. जत्रेला देवीची पालखी तिथं टेकायची. पण भेगाळल्या मातीवर पालखी टेकवायची नाही, हा रिवाज. भेग दिसली की पालखी आल्या वाटेनं मागे. ते खळं चोपायचं वरच्या आणि खालच्या वाडीनं मिळून. आता या दोन वाड्यांचं भांडण कशावरून होतं ते मला विचारू नका. तुमच्याच आज्या-पणज्यांचं होतं, आणि त्यांनाही आठवत नव्हतं. खळ्याच्या मधोमध त्यांनी दगडांची रांग मांडली होती. आधी तुमची बाजू चोपा, मग आमची चोपू, असं दोघेही म्हणत. आणि आवडाय बिचारी दोन्ही बाजू एकटीच चोपत राही.

एका वर्षी ती दमली. दमली म्हणजे अशी की चोपणं वर गेलं तर खाली येईना आणि खाली आलं तर वर जाईना. जत्रा तोंडावर, खळ्याला हात मावेल एवढ्या भेगा. इतकी वर्षं चोपून शेवटी आपल्याच डोळ्यांदेखत पालखी मागे जाणार, हे तिच्या जिवाला लागलं. दोन्ही वाड्यांचे पुरुष खांद्यावर चोपणी घेऊन आपापल्या बाजूला उभे होते. उभं राहायला ते कधीच दमत नसत.

देवळाच्या पायरीवर बाशिंगाच्या भेंडाचा तुकडा पडला होता, कापसासारखा हलका. शेजारी गावच्या राखणदार देवाला दिलेल्या कोंबड्याची पिसं. आवडायनं ती पिसं भेंडात खोचली, त्याचं फुलासारखं फूल झालं, ते वर उडवलं आणि उरल्यासुरल्या ताकदीनं चोपण्यानं हाणलं. ते दगडांवरून गेलं आणि वरच्या वाडीच्या धाकूच्या नाकावर बसलं. नाक मोठं होतं, चुकणं कठीण.

खालच्या बाजूनं आलेली वस्तू ठेवून घेणं म्हणजे वरच्या वाडीला कमीपणा. धाकूनं चोपण्यानं ते परत हाणलं. खालच्या वाडीच्या बाबणोनं ते उलट मारायला चोपणं फिरवलं, पण हुकला आणि फूल मातीत पडलं. वरची वाडी हसली. बाबणो ते उचलायला वाकला, तर आवडायनं त्यावर पाय ठेवला.

"खंय पडला? तुझ्या खळ्यात पडला. आधी थंय चोप. चोपल्याबिगर परत मारूक मिळाचा नाय."

बाबणोला उलट मारायची अशी घाई होती की त्यानं ती जागा धडाधड चोपून काढली. मग मारलं. मग धाकू हुकला, मग धाकूनं चोपलं.

झालं. रोज संध्याकाळी माणसं शेतातून यायची, कंबर मोडली म्हणत यायची, पाय ओढत यायची, आणि फूल दिसलं की चोपणं उचलायची. फूल दगडांपलीकडे गेलं की अलीकडेच पडलं, यावरून तंटा झाला तेव्हा आवडायनं दोन खांबांना फाटकं मासेमारीचं जाळं बांधून दिलं. एकदा धाकूनं फूल एवढं उंच मारलं की ते दुसऱ्या दिवशी खाली आलं, आणि तोवर दोन्ही वाड्या माना वर करून उभ्याच जेवल्या, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर धाकूच्या खापरपणतूची मान बघा, अजून वाकडी आहे. हा काय पुढ्यात बसलाय.

जत्रेच्या दिवशी पालखी आली. पुजाऱ्यानं खळ्यावर हात फिरवला. एक भेग नाही. दोन वाड्यांनी एकमेकांना हरवता हरवता सगळं खळं चोपून ठेवलं होतं, आणि दोघांनाही ते तेव्हाच कळलं.

पालखी टेकली. आवडायनं ते पाहिलं. मग चोपणं उशाला घेतलं आणि खळ्याच्या कडेला आडवी झाली. दिवसाढवळ्या तिला निजलेली कुणी कधी पाहिली नव्हती. धाकूनं हात वर केला, ढोल थांबले. ती पुन्हा उठली नाही, असं म्हणतात. आमच्या गावात मात्र ती मेली असं कुणी म्हणत नाही.

आता मुलांकडे शहरातल्या रॅकेट आहेत, जाळंही विकतचं आहे. पण फूल जिथं पडतं तिथं हरणारा अजून खाली वाकतो, तळहातानं माती थापटतो आणि मगच पुढचा डाव. कडेला एक चटई अंथरलेली असते, तिच्यावर कुणी बसत नाही. आणि आंबेखोलात खेळताना कुणी ओरडत नाही. गुण कुजबुजून सांगतात.

गेल्या साली तालुक्याहून खेळ शिकवणारे सर आले. आल्या आल्या त्यांनी शिट्टी फुंकली. या वाकड्या मानेच्या बुवानं जाऊन ती हळूच त्यांच्या तोंडातून काढली.

"हळू, सर," तो म्हणाला, "आवडाय निजली हा."

सरांनी रिकाम्या चटईकडे पाहिलं. मग पायातले बूट काढून हातात घेतले.