थापी थांबत नाही

माणसांना मधाची चव ठाऊक नव्हती, त्या काळी कड्यावरच्या एका पोळ्यात कामाला हात पुरेनात, म्हणून माश्यांनी वाळवीचे गडी ठेवले. ते आंधळे होते, कधी थकत नसत आणि सांगितलं तेवढंच करत. त्यांच्या हाती एक जादूची थापी दिली. रांग आणि घर सांगितलं की ती ते घर मधानं भरून वर मेण लिंपायची.

थापी कशी वापरायची हे गड्यांना समजावायचं काम पिंगीवर आलं. ती दुसऱ्या पोळ्यातून नुकतीच आली होती. इथे तिला बघून खुलायचं ते फक्त तिसऱ्या रांगेतलं, तिच्या हातून खाणारं एक बाळ.

"आत्याबाई, घरात आधीच कुणी असलं तरी थापी थांबत नाही, हेही गड्यांना सांगू ना?" पिंगीनं पोळ्यातल्या एका वडीलधाऱ्या माशीला विचारलं.

"अगं, बाळाच्या घरात मध भरू नये, हे काय सांगायचं असतं? आम्हाला कुणी सांगितलं होतं? हसतील तुला!"

इथे सगळ्यांना सगळं जन्मापासून येतं, हे पिंगीच्या एव्हाना ध्यानात आलं होतं. तिनं गड्यांना थापी चालवायला शिकवलं, पण ती एक गोष्ट वगळली.

दुपारी ती बाळाचा घास घेऊन परतली, तर तिसरी रांग टोकापर्यंत गुळगुळीत झाली होती. मेणाआडून बारीक टकटक येत होती.

"त्या आवाजाचं काय करायचं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं, ताई," गडी अदबीनं म्हणाला. "म्हणून मेणाचा आणखी एक थर दिला."

पिंगी जिवाच्या आकांतानं मेण कुरतडू लागली.

"थांबला बघा आवाज," मागून गडी म्हणाला. "आता चौथी रांग घेऊ?"