यसबा बाळाला आणायला जातो

नदीकाठच्या एका गावात यसबा नावाचा कोष्टी राहत होता. इतका भोळा, की जो जे सांगेल ते तो तसंच्या तसं करायचा.

त्याच्या बायकोचे, गोदाचे, दिवस भरत आले. यसबाची आत्या पोट बघून म्हणाली, "मुलगा दिसतोय रे. मुलगे अडून बसतात. लवकर बाहेर येत नाहीत."

यसबा घाबरला. अडून बसलेल्याला उठवायचं कसं? त्याची शेळी अडून बसली की पाला दाखवताच उठायची. त्यानं बाभळीची डहाळी तोडून आणली आणि गोदाच्या पोटासमोर धरली.

"ये बाळा, ये! हिरवागार पाला आहे बघ."

गोदा म्हणाली, "अहो, पोटात शेळी नाही, माणूस आहे. माणसाशी गोड बोलावं."

"बरं, आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी घरात चोर शिरला. नवं लुगडं काखेत मारून निघाला. यसबा हात जोडून म्हणाला, "जपून उतरा हं, पायरी निसरडी आहे." चोर जपून उतरला.

गोदानं कपाळावर हात मारला. "अहो, घरात कुणी शिरू लागलं तर दारात दांडकं घेऊन उभं राहावं!"

"बरं, आता तसंच करीन."

पुढं गोदाला कळा सुरू झाल्या. आत्यानं निरोप धाडला, तशी मथू सुईण धावत आली. दारात यसबा, हातात दांडकं.

"अरे मेल्या, बायको अडलीय आणि मला अडवतोस?" तिनं दांडकं हिसकावून फेकून दिलं.

यसबा रडवेला झाला. "काकू, मुलगा असला तर अडून बसेल ना हो?"

"काही नाही तसं. मुलगा काय, मुलगी काय, यायची वाट एकच. तू लुडबुडू नकोस. बाहेर जाऊन वाट बघ."

गावात यायची वाट खरंच एकच होती, नदीच्या उताराची. यसबा तिथं जाऊन उभा राहिला.

उन्हं कलली. माहेराहून परतणारी एक बाई कडेवर बाळ घेऊन आली. तिच्या पायात काटा मोडला होता. "दादा, याला जरा धरता का?"

यसबानं बाळाला उराशी धरलं. "आलास रे राजा!" म्हणाला आणि घराकडं धूम पळत सुटला. बाई लंगडत, ओरडत मागं.

दारात सुईण हसत उभी होती. "यसबा, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

यसबानं आतल्या बाळाचं रडणं ऐकलं. हातातल्या बाळाकडं पाहिलं. तेवढ्यात ती बाई अंगणात शिरली. "माझं लेकरू! अहो, मी आई आहे त्याची!"

यसबाला आनंद मावेना. तो आत ओरडला, "गोदे, जुळं झालं! आणि मुलगा हुशार आहे बघ, येताना आईलाही घेऊन आलाय!"